शिष्याची वही

विद्यार्थिदशेत लिहिलेल्या मजकुराकडे साहित्यसमीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. आणि गेले, तरी ते त्या लेखकाच्या पुढील कर्तृत्वाची पूर्वचिन्हे शोधण्यापुरतेच जाते. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या लेखनाला याहून निकटचा एक प्रश्न विचारता येतो : ह्या पानांवर तो मुलगा स्वतः कोठे आहे? 'मी कोण' ह्या विषयावर वही सजवून आणण्याचे काम आजच्या शाळा मुलांना प्रकल्प म्हणून देतात. विषय शिक्षकाने ठरविलेला, मांडणी त्याने घालून दिलेली, कित्येकदा अक्षरही वडीलधाऱ्यांचे; आणि त्यातून प्रकट व्हावयाचा तो मात्र मुलगा. ही विसंगती आजचीच आहे असे नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशाच एका वहीची काशीच्या वास्तव्यात पुस्तिका होऊ लागली, आणि त्या पुस्तिकेने एका मुलाला जगापुढे एक ओळख बहाल केली. ती ओळख त्याची होती काय, हा प्रश्न चरित्रकारांनी पुष्कळ चर्चिला आहे. तो मुळात वाङ्मयीन प्रश्नही आहे, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

पुस्तिकेचे नाव 'ॲट द फीट ऑफ द मास्टर'. ती डिसेंबर १९१० मध्ये 'आल्सिऑन' ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. हे नाव धारण करणारा मुलगा म्हणजे जिद्दू कृष्णमूर्ती. १८९५ च्या मे महिन्यात मदनपल्ली येथे एका तेलुगू ब्राह्मण कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९०५ साली आई वारली. १९०९ च्या आरंभी वडील मद्रासजवळच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या सेवेत आले. शाळेत हा मुलगा मठ्ठ म्हणून ओळखला जाई. शिक्षकांचा मार त्याच्या नित्य परिचयाचा होता. वर्गाबाहेर उभे केले असता घरी जाण्याचेही त्याला सुचत नसे, धाकटा भाऊ नित्यानंद हात धरून त्याला घरी नेई, असे चरित्रकार सांगतात. अड्यारला त्याचा शाळेचा अभ्यास करवून घेणारे अर्नेस्ट वुड यांचेही मत ह्याहून निराळे नव्हते. अशा मुलामध्ये सी. डब्ल्यू. लेडबीटर यांना १९०९ साली भावी जगद्गुरूचे पात्र दिसले. मुलाला शाळेतून काढण्यात आले, आणि त्याचे शिक्षण सोसायटीतील गुरुजनांच्या हाती गेले.

ह्या शिक्षणाचाच एक भाग म्हणजे ती वही. लेडबीटर यांनी पुढे दिलेल्या वृत्तान्तानुसार रात्री सूक्ष्म देहाने गुरूकडून ऐकलेला उपदेश हा मुलगा सकाळी आठवून लिहून काढीत असे. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर शाळेतील एका परिचित पाठाचेच हे रूप आहे : ऐकलेले स्मरणाने आणि नव्याने शिकलेल्या इंग्रजीत उतरवून काढणे. पुढे ॲनी बेझंट यांच्याबरोबर काशीस असताना त्याने ही टिपणे अड्यारहून मागविली. लेडबीटर यांनी ती जुळवून, टंकलिखित करून पाठविली. काशीतील कामाछा भागात त्या वेळी सोसायटीच्या भारतीय शाखेचे ठाणे होते, आणि तेथेच बेझंटबाईंनी १८९८ साली स्थापिलेले सेंट्रल हिंदू कॉलेज होते. ह्या परिसरात कृष्णमूर्तीभोवती जमलेल्या काही विद्यार्थ्यांना ह्याच साधनेचे धडे मिळू लागले. अशा रीतीने एका मुलाच्या सरावाची वही अल्पावधीतच दुसऱ्या मुलांची पाठ्यपुस्तिका झाली.

पुस्तिकेच्या प्रस्तावनेत बेझंटबाई सांगतात, की लेखकाचे इंग्रजी आदल्या वर्षी कच्चे असल्यामुळे त्याने हे सारे सावकाश आणि कष्टाने लिहिले. लेखकही आपल्या निवेदनात हे शब्द आपले नसून गुरूचे आहेत असे सांगून मोकळा होतो. ही दोन्ही विधाने प्रामाणिक मानली, तरी समीक्षकाला अडचण पडते ती गद्याची. परकी भाषा नुकतीच शिकणाऱ्या मुलाच्या वाक्यात अडखळ असते. एखादा शब्द पुनःपुन्हा येतो, एखादे उदाहरण आवश्यकतेहून लांबते. येथे असे काहीच आढळत नाही. वाक्ये लहान आहेत, पण ती बाळबोध नाहीत. बोधवचने रचण्याचा दीर्घ सराव असलेल्या हाताचा डौल त्यांना आहे. लेखकत्वाविषयीचा वाद त्या काळापासूनच सुरू झाला, यात नवल नाही.

रचनेकडे पाहिले असता हा संशय अधिक दृढ होतो. पुस्तिकेचे चार भाग आहेत : विवेक, निरिच्छता, सदाचार आणि प्रेम. वेदान्ताशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे साधनचतुष्टय असल्याचे तत्काळ उमगते. सदाचाराखालील सहा गुण म्हणजे शम, दम, उपरती, तितिक्षा, समाधान आणि श्रद्धा ही षट्संपत्तीच होय. मात्र हे गुण येथे नवा वेष घेऊन येतात. उपरतीच्या जागी परमतसहिष्णुता आली, तितिक्षेच्या जागी आनंदी वृत्ती आली. आणि मुमुक्षुत्वाच्या जागी प्रेमाची स्थापना करताना, मोक्षाची तीव्र इच्छा असे म्हटले तर त्यात स्वार्थाचा वास येतो, असे कारणही देण्यात आले आहे. भाषान्तर म्हणून ही उकल लक्षणीय आहे. एका जुन्या संज्ञेला नव्या नीतिविचारात बसविताना किती बारकाईने विचार करावा लागतो, याचा हा उत्तम नमुना ठरेल. पण ही बारकाई दोन परंपरांमध्ये मध्यस्थी करणाऱ्या प्रौढ पंडिताची आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला पडणारी ही अडचणच नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो. शब्द माझे नव्हेत, ते गुरूचे आहेत, हे म्हणणे आपल्या परंपरेला नवे नाही. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. परंपरेतील एका जन्मशकानुसार त्यांचे वय तेव्हा पंधरा भरते, दुसऱ्यानुसार एकोणीस. ग्रंथ लिहून घेतला सच्चिदानंदबाबांनी, आणि त्याचे सारे श्रेय ज्ञानेश्वर निवृत्तिनाथांना देतात. मग आल्सिऑनच्या पुस्तिकेला निराळी कसोटी का लावावी? ह्याचे उत्तर दोन्ही ग्रंथांच्या शैलीत आहे. ज्ञानेश्वरीत गुरूला नमन करून झाले, की शिष्याची वाणी मोकळी सुटते. दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात, श्रोत्यांशी लाडीगोडी होते, आणि मूळ श्लोकाच्या मर्यादा उल्लंघिल्याचा आनंद लपत नाही. गुरुकृपा तेथे बोलण्याची अनुज्ञा होऊन येते. पुस्तिकेत तीच गुरुकृपा बोलण्याची सीमा ठरते. ज्ञानेश्वर विनयाने मागे सरतात, तरी ओवीओवीत दिसतात. आल्सिऑन मागे सरतो, आणि दिसेनासा होतो.

तथापि तो सर्वस्वी दिसेनासा झालेला नाही. 'प्रेम' ह्या अखेरच्या भागात निंदा, क्रौर्य आणि अंधश्रद्धा ही प्रेमाविरुद्धची तीन महापातके म्हणून सांगितली आहेत. बुद्धिपुरस्सर क्रौर्य करणाऱ्यांची यादी तेथे येते : धर्माच्या नावाने छळ करणारे, जिवंत प्राण्यांची चिरफाड करणारे, आणि त्यांच्याच पंक्तीला शाळामास्तर, की ज्यांना हे क्रौर्य सवयीचेच झालेले असते. युरोपीय धर्मच्छळाच्या शेजारी हा मास्तर अकस्मात येऊन उभा राहतो, आणि वाचक थांबतो. हाही विचार संपादकाचा असू शकेल, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्गाबाहेर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या मुलाची पाठ ह्या ओळीमागे आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. साऱ्या पुस्तिकेत उपदेश वरून खाली येतो. ह्या एका जागी तक्रार खालून वर जाते. १९१२ साली कृष्णमूर्तीच्याच नावावर निघालेल्या 'एज्युकेशन ॲज सर्व्हिस' ह्या पुस्तकात आदर्श शाळेचे जे सविस्तर चित्र येते, त्याचे बीज ह्याच जागी आहे. मात्र तेथेही चित्र आदर्शाचे असल्यामुळे मूळ जखम पुन्हा झाकली जाते.

पुस्तिकेने दिलेली ओळख काशीतच संस्थारूपाला आली. सेंट्रल हिंदू कॉलेजचे प्राचार्य जॉर्ज अरुंडेल यांनी जानेवारी १९११ मध्ये तेथे एक मंडळ काढले. त्यातूनच 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' हा पंथ उभा राहिला आणि कृष्णमूर्ती त्याचा प्रमुख झाला. २८ डिसेंबर १९११ रोजी काशीतच सभासदांना प्रमाणपत्रे वाटीत असता लोक त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या पायांवर डोके ठेवू लागले. शाळेत ज्याला प्रमाणपत्र मिळण्याची आशा कोणी धरली नव्हती, तो आता प्रमाणपत्रे देत होता. ह्यानंतर वडिलांनी मुलांच्या ताब्यासाठी मद्रास येथे दावा लावला. १९१३ मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला, आणि १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. मुलगा कोणाचा, हे न्यायालयात ठरत होते. वही कोणाची, हे अनिर्णीतच राहिले.

हा खटला चालू असतानाच, १९१३ साली, फ्रान्समधील व्हारंझव्हील येथे अठरा वर्षांच्या कृष्णमूर्तीने स्वतः एक लेखन आरंभिले. त्याला त्याने नाव दिले 'माझ्या आयुष्याची पन्नास वर्षे'. प्रतिवर्षी थोडी भर घालीत जावे, म्हणजे यथाकाल शीर्षक खरे ठरेल, असा त्याचा मानस होता. काही पानांनंतर ते थांबले. मेरी लट्यन्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात त्यातील काही भाग दिला आहे. त्यात आई आहे, तिच्याभोवतीच्या बालपणीच्या सुखद आठवणी आहेत. आणि लेडबीटर यांच्या खोलीत प्रथम जाताना, गोऱ्या माणसाविषयी हिंदी मुलाला जी भीती वाटे, तीही आहे. पुस्तिकेच्या तुलनेत ही पाने विस्कळीत आहेत, आणि जगाला शिकविण्यासारखे त्यांत काही नाही. पण शोधत असलेला मुलगा येथे सापडतो. ज्या माणसाने त्याला अवतारपदाला नेऊन बसविले त्याचेच भय वाटल्याचे सांगणे, हे साध्या वाक्यात आले असले, तरी सामान्य धैर्याचे काम नव्हे. वाङ्मयीन गुणांच्या तराजूत ही अपुरी वही त्या सुबक पुस्तिकेहून जड भरते.

ह्या ठिकाणी त्याच वर्षी जन्मलेल्या आणि काशीलाच आलेल्या दुसऱ्या एका तरुणाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. विनोबांचा जन्म सप्टेंबर १८९५ चा. शिक्षणाची प्रमाणपत्रे त्यांनी आईच्या देखत चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीस गेले. घरी असताना ते कविता रचीत आणि मनासारखी साधली की अग्नीला अर्पण करीत; काशीत त्या गंगेला अर्पण होऊ लागल्या. एकाची टिपणे काशीत मागविली जातात, जुळविली जातात, छापली जातात आणि देशोदेशी जातात. दुसऱ्याच्या कविता काशीत पाण्याबरोबर वाहून जातात. मराठी काव्याची यात हानी झाली असेल. परंतु स्वतःला घडविताना केलेले लेखन कोणाच्याही हाती लागू न देण्याचा अधिकार त्या तरुणाने बजावला, आणि त्यामुळे पुढे त्याला काय व्हावयाचे हे कोणत्याही मुद्रित पानाने आधीच ठरवून टाकले नाही.

याचा अर्थ दुसऱ्याच्या लेखणीला स्पर्शच करू देऊ नये, असा मात्र घेता येणार नाही. ह्याच विनोबांची गीता-प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणूनच मराठीला लाभली. लेखनिक, संपादक, भाषान्तरकार ह्यांच्यावाचून वाङ्मयाचा व्यवहार चालत नाही. फरक आहे तो इतकाच, की धुळ्यात बोलणारा स्वतःला ओळखून बोलत होता आणि टिपणारा त्याचे ऐकत होता. अड्यारला आणि काशीला मुलाने काय ऐकावे हे अगोदर ठरले होते, आणि त्याने ते ऐकले आहे काय एवढेच तपासले जात होते.

३ ऑगस्ट १९२९ रोजी ओमेन येथे कृष्णमूर्तींनी तो पंथ विसर्जित केला. पुढे काशीतच, वरुणा आणि गंगा यांच्या संगमानजीक राजघाटावर, त्यांच्या प्रेरणेने १९३४ मध्ये शाळा उभी राहिली. आणि १९७३ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पुन्हा एक वही हाती घेतली. 'जर्नल' ह्या नावाने ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात स्वतःचा उल्लेख ते 'तो' असा करतात, आणि अधूनमधून त्या जुन्या मुलाकडे वळून पाहतात. त्याच्याविषयी काही सिद्ध करण्याची त्यांना आता गरज नाही. पुस्तिकेत 'मी' होता, पण त्या 'मी'च्या आत कोणी नव्हते. येथे 'मी' नाही, आणि मुलगा मात्र नदीकाठी उभा असलेला दिसतो. मुलांच्या वह्या तपासणाऱ्यांनी ह्या तीन वह्या एकदा शेजारी ठेवून वाचाव्यात. सर्वांत नेटकी वही कोणती, हे त्यांना क्षणात ओळखता येईल. लाल शाई कोठे उचलू नये, हे ओळखण्यास कदाचित थोडा अधिक वेळ लागेल.