मूळ भूमी, यजमान भूमी आणि नोर्गेलिंग

राष्ट्रपार स्थलांतराविषयीची मराठी समीक्षा बहुधा इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसापासून सुरू होते. तीत महाराष्ट्र ही मागे राहिलेली, स्मरणातली भूमी असते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ १९७२ साली स्थापन झालेली नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत या गृहीताला छेद देते. तेव्हा भंडारा आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या या जागी महाराष्ट्र स्वतःच यजमान समाज आहे.

विल्यम सॅफ्रन यांनी १९९१ साली डायस्पोराची लक्षणे सांगताना मूळ भूमीची सामूहिक स्मृती आणि परतीची आकांक्षा यांना मध्यवर्ती मानले. लिंडा बाश, नीना ग्लिक शिलर आणि क्रिस्टिना सँटन ब्लांक यांच्या १९९४ च्या ग्रंथाने भर दिला तो दोन्ही समाजांशी एकाच वेळी राखलेल्या व्यवहारावर. नोर्गेलिंगच्या संदर्भात दोन्ही मांडण्या अपुऱ्या पडतात. येथे स्मृती आहे. परंतु मूळ भूमीशी मुक्त येणे-जाणे नाही. धानाची शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी होणारी स्वेटरविक्री यांतून यजमान समाजाशी नाते जुळते. राजकीय नाते मात्र तिबेटशी थेट न जुळता धर्मशाळेतील निर्वासित प्रशासनाशी जुळते. त्याचे प्रमुख २००१ पासून निर्वासितांच्या थेट मतदानाने निवडले जातात. मूळ आणि यजमान या द्वंद्वात अशा रीतीने तिसरे स्थान निर्माण होते.

पुढची पायरी अधिक अर्थपूर्ण आहे. भारतातील तिबेटी वसाहतींतून तरुण पिढी युरोप व उत्तर अमेरिकेकडे जात आहे. नोर्गेलिंगमधून जाणाऱ्याच्या दृष्टीने आईवडिलांचे घर तिबेटात नसून गोठणगावच्या शिवारात असते. पहिल्या पिढीची यजमान भूमी दुसरीची मूळ भूमी होते. म्हणजेच ‘मूळ’ आणि ‘यजमान’ ही स्थळांची नावे नसून नात्यांची नावे आहेत.

येथे देशीवादापुढे प्रश्न उभा राहतो. भूमी, भाषा आणि समूह यांचे सातत्य ज्या विचारात गृहीत आहे, त्यात या मातीत जन्मून तिबेटीत स्मरण करणाऱ्याचे स्थान कोणते? कायद्याने आपल्यापुरते उत्तर दिले आहे: २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. तथापि नागरिकत्व स्वीकारावे की निर्वासितपण राखावे, हा पेच कायद्याने सुटत नाही. कारण तेथे निर्वासितपण हीच परतीच्या दाव्याची खूण असते. हा पेच समजून घ्यायचा, तर मराठी समीक्षेने स्मरणरंजनापलीकडे जाऊन आपले यजमानपणही तपासले पाहिजे.