चेटकिणीची वेणी

२०१३ साली आलेल्या ‘एक थी डायन’ या हिंदी चित्रपटाचा पूर्वार्ध आम्हांला आवडला. घरात आलेली सावत्र आई डायन आहे, असे एका मुलाला वाटू लागते. हे खरे, की पुस्तके वाचून त्याच्या मनाने घेतलेले? प्रेक्षक साशंक राहतो. इतके चांगले कोडे घातल्यावर चित्रपट शेवटी सांगतो काय, तर डायन खरोखरच असतात, त्यांचे सामर्थ्य वेणीत असते आणि वेणी कापली की त्या संपतात! भयकथेला एवढी मुभा हवी, असे कोणी म्हणेल. हवीच. आमची तक्रार भुताखेतांबद्दल नाही.

२०१७ मध्ये राजस्थान, हरियाणा, दिल्ली या भागांत ‘कोणीतरी बायकांच्या वेण्या कापते’ अशी आवई उठली. ऑगस्टमध्ये आग्र्याजवळच्या एका खेड्यात, पहाटे बाहेर पडलेल्या एका वृद्ध दलित स्त्रीला ती वेणी कापणारी चेटकीण समजून लोकांनी ठार मारले. हे चित्रपटामुळे घडले असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण चेटकीण असते आणि ती ओळखता येते, हे पटकथेने आणि जमावाने सारखेच गृहीत धरलेले आहे.

भिवंडीजवळ वळ येथे आम्ही मुलांना चेटकीण कशी असते, असे विचारले. उलटे पाय, मोकळे केस, लांब नखे, अशी उत्तरे तत्काळ आली. गोदामांच्या रांगांत वाढणाऱ्या या मुलांना ही माहिती आजीपेक्षा मालिकांनी अधिक पुरवली होती. “अमकी चेटकीण आहे, असे पहिल्यांदा म्हणते कोण?” यावर मात्र सारी गप्प. गोष्टींत ते पात्रच नसते ना!

सातपुड्यात नंदुरबारकडे ‘डाकीण’ ठरवलेल्या स्त्रियांची प्रकरणे पाहिली, तर सुरुवात तिथूनच होते. आधी मूल तापाने दगावते किंवा गाय आटते. मग भगताला विचारतात. मग बोट दाखवले जाते, ते बहुधा एकट्या बाईकडे, विधवेकडे. कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडाही असतो. तापामागे हिवताप असेल, गाय आटण्यामागे कासदाह. पण दवाखाना दूर आणि भगत जवळ. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमुक व्यक्ती मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते असे जाहीर करणे हादेखील गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद. कथालेखकापेक्षा कायद्याचा मसुदा वास्तवाच्या जवळ जावा, असे क्वचितच घडते.

पश्चिमेकडे गोष्ट जरा निराळी. इंग्लंडमध्ये १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांच्या पुस्तकाने ‘विक्का’ पंथ लोकांपुढे आला. निसर्गपूजक, ऋतुचक्राचे सण पाळणारी ही माणसे सैतानाला मानतच नाहीत. पडद्यावरच्या चेटकिणी मात्र सैतानाशी करार करताना दिसतात. विक्कांच्या मंत्रांना आम्ही अर्थातच विज्ञान म्हणणार नाही. पण त्यांनी ते नाव स्वतः घेतले आहे. आपल्याकडे ते दुसऱ्याच्या कपाळी मारले जाते.

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण त्यामानाने निरुपद्रवी. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली. हे सोंग आहे, हे बालप्रेक्षकांना पक्के ठाऊक असते.

वर्गात अशा चित्रपटाचा विषय निघालाच, तर नववीच्या मुलांना तीच गोष्ट सावत्र आईच्या तोंडून लिहायला सांगावी.