सिंधूचे मौन

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते १९१९ साली, नाटककाराच्या मृत्यूनंतर महिनाभरात. बालगंधर्वांच्या सिंधूने त्या काळी प्रेक्षकांना रडवले आणि आज नाटक नुसते वाचतानाही डोळे कोरडे राहत नाहीत. पण आपण नेमके कशासाठी रडतो, हे एकदा तपासून पाहायला हवे.

दारूबंदीचा धडा म्हणून आपण हे नाटक वाचतो. सारा दोष प्याल्याचा! गडकऱ्यांची दृष्टी मात्र याहून खोल आहे. सुधाकराच्या हाती प्याला येतो तो कोर्टात मानहानी झाल्यावर. पुढे तो दारू सोडतोही. पण नोकरी मागायला जातो तेव्हा प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दारू सुटली होती, मनाची जखम भरली नव्हती. व्यसनाबरोबर खिन्नतेवर आणि चिंतेवरही उपचार हवेत, असे आजचे डॉक्टर सांगतात. त्यातले मर्म गडकऱ्यांनी कलावंताच्या नजरेने हेरले होते.

नाटक कमी पडते ते सिंधूपाशी. नवऱ्याच्या काठीने मूल जाते, ती स्वतः मरणाच्या दारी असते. तरी फौजदारापुढे ती त्याचे नाव घेत नाही. या मौनाला नाटककार पावित्र्याचे तेज चढवतो आणि आपण माना डोलावतो. तळीरामाची गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते. तिचे बोलणे मात्र आपण विनोदात जमा करतो. माझ्या मते नाटकातले शहाणपण गीतेपाशी आहे.

मन दुखावले म्हणून हात उगारण्याची मुभा कुणाला मिळत नाही. दारूने मारहाणीचा धोका वाढतो हे खरे. पण प्याला खाली ठेवला की हातही खाली येतोच, असे नाही. म्हणून नवरा उपचाराला दाखल झाला की बायकोला त्याच्या माघारी विचारावे लागते, “घरी मारहाण होते का? वेळ आली तर जायला जागा आहे का?” पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने अशा पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा केला. २००५ च्या कायद्याने घरातल्या मारहाणीपासून संरक्षण मागण्याचा हक्क स्त्रीला दिला. सिंधूजवळ यातले काहीच नव्हते. होते ते फक्त मौन.

नाटक जरूर वाचावे, घरात सर्वांनी मिळून वाचावे. पण उद्या शेजारीण सुजलेल्या चेहऱ्याने “जिन्यावरून पडले हो” म्हणाली, तर तेवढ्यावर विश्वास ठेवून दार लावून घेऊ नये. नाही तर गडकऱ्यांच्या नाटकातली ती प्रतिष्ठित मंडळी म्हणजे आपणच!