पडलेल्यांना परत कोण आणतं? सिप्रियनच्या 'डी लाप्सिस'बद्दल



संशोधन प्रस्ताव लिहिताना आपण सगळेच एक वाक्य फार सहज लिहितो : 'अमुक घटकाचा तमुक गोष्टीवर सकारात्मक परिणाम होतो.' मीही लिहिलं होतं. माझं वाक्य असं होतं : 'विश्वासापासून दूर गेलेल्यांना परत आणण्यात ख्रिस्ती मंडळीची भूमिका निर्णायक होती.' सरांनी त्याखाली पेन्सिलनं तीनच शब्द लिहिले, 'हे कोण म्हणतं?'

उत्तर होतं, सिप्रियन म्हणतो. म्हणजे त्या मंडळीचा प्रमुख स्वतःच. माझं एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रातलं. एखाद्या कंपनीनं स्वतःच्याच औषधाबद्दल दिलेला अहवाल मी तपासल्याशिवाय मानला नसता. इथे मात्र मानला, कारण लिहिणारा माणूस मोठा होता आणि भाषा सुंदर होती. म्हणून आज त्याच पुस्तकाकडे पुन्हा बघूया.

आधी प्रसंग समजून घ्या

इ.स. 249 मध्ये डेशियस रोमचा सम्राट झाला. त्यानं लवकरच फर्मान काढलं की साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करायचा आणि तसं केल्याचा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत, आणि त्यांवर 250 सालच्या जून-जुलैच्या तारखा आहेत. एक दाखला तर देवळातल्या पुजारणीचा आहे. म्हणजे हे फर्मान फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नव्हतं. पण खरी कोंडी त्यांची झाली.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये (आजच्या ट्युनिशियात) कित्येक ख्रिस्ती लोकांनी हार मानली. कोणी बळी दिला, कोणी फक्त धूप जाळला, कोणी बळी न देता पैसे चारून दाखला मिळवला. या सगळ्यांना लॅटिनमध्ये 'लाप्सी' म्हणजे पडलेले म्हणत. छळ ओसरला तेव्हा त्यांतल्या अनेकांना परत मंडळीत यायचं होतं. कार्थेजचा बिशप सिप्रियन त्या काळात लपून राहिला होता. 251 मध्ये तो परतला आणि या प्रश्नावर त्यानं 'डी लाप्सिस' हे छोटं पुस्तक लिहिलं.

पुस्तकाची ताकद

हे पुस्तक दोन टोकांच्या मध्ये उभं आहे. रोममध्ये नोव्हेशियनचा गट म्हणत होता की देव क्षमा करील तर करील, चर्चनं यांना परत घेऊ नये. कार्थेजमध्ये दुसरा गट म्हणत होता की लगेच घ्या, चौकशी कशाला? सिप्रियनला दोन्ही मान्य नव्हतं. जखम उघडून साफ न करता वरून बंद करणारा वैद्य रोग्याचा शत्रू असतो, हा त्याचा मुख्य दृष्टान्त. म्हणून आधी पश्चात्ताप, मग स्वीकार.

त्याच वर्षी कार्थेजला बिशपांची परिषद झाली. तिनं प्रत्येकाचं प्रकरण वेगळं बघायचं ठरवलं. फक्त दाखला घेतलेल्यांना चौकशीनंतर परत घ्यायचं. बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचं, पण मरणाच्या दारात असलेल्या पश्चात्तापी माणसाला नाकारायचं नाही. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा बिशपांनी हा नियमही सैल केला आणि प्रामाणिक पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांना आत घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : ज्यांना लढायला सांगायचं, त्यांना निःशस्त्र कसं पाठवायचं? परिस्थिती बदलल्यावर आपलाच निर्णय बदलायला धाडस लागतं. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आता माझ्या तक्रारी

पहिली, पुराव्याची. पश्चात्ताप न करता प्रभुभोजन घेणाऱ्यांचं काय होतं हे सांगायला सिप्रियन भीतीच्या गोष्टी आणतो. एका तान्ह्या मुलीला दाईनं अधिकाऱ्यांपुढे नेलं, आणि तिथे तिला बळीच्या ठिकाणचा द्राक्षारसात भिजवलेला पाव भरवला गेला. पुढे मंडळीत प्रभुभोजनाचा द्राक्षारस तिच्या पोटात ठरेना. या मुलीची चूक काय? सिप्रियन हे आपण डोळ्यांनी पाहिल्याचं सांगतो, पण निवडक चार घटनांवरून नियम काढता येत नाही. तुम्ही प्रयोगशाळेत असं केलंत तर चालेल का?

दुसरी, हितसंबंधांची. सिप्रियन स्वतः छळाच्या वेळी शहराबाहेर होता, आणि रोमच्या पाळकवर्गाच्या पत्रात त्याबद्दल टोमणाही आहे. 'डी लाप्सिस'मध्ये तो म्हणतो की सगळं सोडून निघून जाणं हीसुद्धा विश्वासाची कबुलीच आहे. असेलही. सात वर्षांनी, 258 मध्ये, तो स्वतः रक्तसाक्षी झाला, त्यामुळे त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण 251 मध्ये तो स्वतःची बाजूही मांडत होता, हे वाचताना विसरू नका.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. पुस्तकभर पडलेल्यांबद्दल बोलणं आहे, पण त्यांना स्वतःला बोलायला जवळजवळ जागाच नाही. ते फक्त रोगी आहेत आणि बिशप वैद्य.

म्हणून पत्रं वाचा

सिप्रियनच्या पत्रसंग्रहात इतरांचीही पत्रं आहेत, आणि तिथे चित्र बदलतं. रोमहून सेलेरिनस नावाचा तरुण कार्थेजच्या तुरुंगातल्या मित्राला लिहितो. न्यूमेरिया आणि कँडिडा या बहिणींसाठी तो क्षमा मागतो आहे. त्यांच्यातली एक वाटेतूनच मागे फिरली होती आणि बळी द्यावा लागू नये म्हणून तिनं पैसे भरले होते. ईस्टरच्या आनंदाच्या दिवसांतही आपण रडतो आहोत, असं तो कळवतो. आणि मग सहज सांगितल्यासारखं एक वाक्य येतं : कार्थेजहून आलेल्या 65 निर्वासितांना या बहिणींनी उतरवून घेतलं आणि त्यांचं सगळं केलं.

इथे मी थांबलो. कागदोपत्री मंडळीबाहेर असलेल्या बायका मंडळीचंच काम करत होत्या! दुसऱ्या एका पत्रात बोना नावाची स्त्री आहे. नवऱ्यानं तिला ओढत नेलं, हात धरून तिच्याकडून बळी देववला, आणि ती ओरडून सांगत राहिली की हे मी केलेलं नाही. 'पडलेले' या एका शब्दात तिला आणि स्वतःहून धावत गेलेल्याला एकत्र कसं बसवायचं?

एका बाबतीत मात्र मी सिप्रियनच्या बाजूनं आहे. तुरुंगातले विश्वासवीर क्षमेच्या चिठ्ठ्या देत होते, आणि काही चिठ्ठ्यांवर 'अमुक आणि त्याची माणसं' एवढंच असे. एका चिठ्ठीवर वीस-तीस जण आत येऊ शकत होते. सिप्रियननं आग्रह धरला की नावं लिहा, ज्यांना ओळखता, ज्यांचा पश्चात्ताप पाहिलाय, त्यांचीच लिहा. मला यात अधिकाराची भूक कमी आणि शहाणपण जास्त दिसतं. नोव्हेशियनची सरसकट बंदी आणि ही सरसकट माफी, दोन्हीकडे माणसाचं नाव विचारायची गरजच उरत नाही.

मग माझ्या वाक्याचं काय झालं?

'निर्णायक' हा शब्द गेला. परतलेल्यांचा माग पत्रांत राहतो. जे परतले नाहीत, त्यांनी बिशपला पत्र कशाला लिहावं? परतणाऱ्यांचं प्रमाण काढायचं तर छेदच हातात नाही. नवं वाक्य असं झालं : 'उपलब्ध पत्रांत परतीची सुरुवात बहुधा ओळखीच्या माणसापासून होताना दिसते, बिशपांची परिषद त्या परतीला नियम आणि मान्यता देते.' हे वाक्य लहान दाव्याचं आहे, पण त्याखाली 'हे कोण म्हणतं?' असं लिहिलं तर मला उत्तर देता येतं.

तुमच्या प्रस्तावातही मदत करणाऱ्याचाच आवाज असेल, तर ज्याला मदत झाली त्याचा आवाज शोधा. न्यूमेरिया आणि कँडिडाचं प्रकरण ऐकून झालं होतं, पण रोमला नवा बिशप मिळेपर्यंत त्यांना थांबायला सांगितलं होतं. पुढचा निकाल पत्रांत नाही. त्या 65 जणांना मात्र तोवर घर मिळालेलं होतं.