मर्यादित रंगयोजना आणि चित्रकथेतील भाववातावरण

प्रत्येक रंगाचा भाव ठरलेला असतो, अशी एक समजूत चित्रकथेच्या, म्हणजे कॉमिक्सच्या, समीक्षेत रूढ आहे. तांबडा म्हणजे क्रोध, निळा म्हणजे विषाद. मराठी अभ्यासकास या समजुतीचा आधार भरताच्या नाट्यशास्त्रात सहज सापडतो. त्याच्या सहाव्या अध्यायात रसांचे वर्ण सांगितले आहेत : रौद्राचा रक्त, बीभत्साचा नील, अद्भुताचा पीत. परंतु मोजक्याच रंगांत रचलेल्या चित्रकथांना हा संकेतकोश लावू पाहिल्यास तो अपुरा पडतो.

फ्रँक मिलर यांच्या 'सिन सिटी' मालिकेतील 'दॅट यलो बास्टर्ड' (१९९६) ही कथा कृष्णधवल आहे. तीत पिवळा रंग येतो तो एका खलपात्राच्या देहापुरता. भरताने अद्भुतास दिलेला वर्ण येथे उघड बीभत्साचा वाहक झाला आहे. हे सामर्थ्य पिवळ्या रंगाचे नव्हे. भोवतालच्या काळ्यापांढऱ्याने त्यास एकटे पाडले, याचे आहे. तथापि येथे रंग पात्राची खूण होऊन राहतो. कथेचे वातावरण काळोखच घडवितो.

डेव्हिड मॅझुकेली यांची 'अ‍ॅस्टेरिओस पॉलिप' (२००९) याच्या पुढे जाते. तिचा नायक वास्तुशास्त्राचा प्राध्यापक असून त्याने आखलेली एकही इमारत उभी राहिलेली नाही. जगाची द्वंद्वांत वाटणी करणे हा त्याचा स्वभाव. त्याचा भूतकाळ प्रामुख्याने निळसर, गुलाबी व जांभळ्या छटांत रंगविला आहे. घर जळाल्यानंतरच्या वर्तमानात पिवळा प्रवेश करतो. कलहाच्या प्रसंगी नायक निळ्या रेषांच्या भौमितिक आकृतीत, तर पत्नी हाना गुलाबी छायारेखनात विलग होते. या विभागणीमुळे पिवळा रंग आनंदाचे चिन्ह न होता, जे आजवर नव्हते त्याच्या आगमनाची जाणीव होतो. पुढे रंग परस्परांत मिसळून पट विस्तारतो, तेव्हा संवादाने न सांगितलेला समेट वाचकास प्रतीत होतो. हा परिणाम आधीच्या संयमावाचून अशक्य होता.

या कृतीचा दोषही येथेच आहे. निळा म्हणजे बुद्धी व गुलाबी म्हणजे भावना, असे समीकरण कलहप्रसंगांत इतके रेखीव होते की भाववातावरणाऐवजी सिद्धान्ताचा तक्ता समोर येतो. ज्या संकेतकोशातून चित्रकथा सुटू पाहते, तोच कोश ती स्वतःपुरता पुन्हा रचते.

सारांश, मर्यादित रंगयोजनेत भाव रंगात वसत नाही. तो रंगारंगांतील संबंधांत आणि पृष्ठामागून पृष्ठ जोपासलेल्या वाचकाच्या अपेक्षेत वसतो. म्हणून 'हा रंग कोणत्या भावाचा?' या प्रश्नापूर्वी समीक्षकाने 'येथवर कोणता रंग राखून ठेवला होता?' असे विचारणे अगत्याचे आहे.