जात्यावरील ओवी आणि दुःखाचा निचरा : एक चिकित्सा

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात जात्यावरील ओवीचा विचार प्रामुख्याने छंद, कौटुंबिक नाती आणि भक्तिभाव या अंगांनी झालेला दिसतो. अलीकडे त्यात मानसोपचाराची परिभाषा शिरली आहे. ओवी गाऊन स्त्रीच्या दुःखाचा निचरा होई, म्हणून ओवी ही उपचारपद्धतीच होय, असे विधान सहजपणे केले जाते. ते तपासून घेणे आवश्यक आहे.

या विधानाला ॲरिस्टॉटलच्या विरेचन-कल्पनेचा आधार दिला जातो. परंतु ती कल्पना शोकात्मिकेच्या संदर्भातील आहे आणि पहाटेच्या दळणाला प्रेक्षक नसतो. दुसरा आधार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा. त्यात विद्यार्थ्यांनी आयुष्यातील आघातांविषयी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लेखन केले. घटना आणि भावना दोन्ही मांडणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या पुढील महिन्यांत कमी झाल्याचे आढळले. हा आधार अधिक भक्कम खरा. पण तेथील लेखक एकांतात, स्वतःच्या शब्दांत, स्वतःचीच हकिकत लिहितो.

ओवीची रीत वेगळी आहे. एकच खुंटा धरून समोरासमोर बसलेल्या दोघीजणी दळतात. एकटी असेल तर ती जात्यालाच ईश्वर मानून त्याच्याशी बोलते. शब्द पुष्कळदा परंपरेने आलेले असतात आणि हकिकत सीतेची असते. रामायणात राजकारण करणारी कैकेयी येथे सुनेला छळणारी सासू होते. सीतेचा वनवास हा सासुरवास होतो. उघडपणे सासूविरुद्ध एक शब्द काढण्याची सोय नसलेल्या घरात, सासू पलीकडच्या खोलीत निजलेली असताना, हे सर्व मोठ्या आवाजात गाता येते. कथेची ही ओट स्त्रीने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी शोधलेली आहे. तिला केवळ भावनांचा निचरा म्हणणे म्हणजे तिच्यातील चातुर्य आणि आरोप दोन्ही नजरेआड करणे होय.

साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ या संग्रहाने ओवीतील वात्सल्य आणि माया मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमुळे मात्र स्त्रीने आपल्या जिण्याची केलेली चिकित्साही समोर आली. बहिणाबाई चौधरींच्या रचनेतही वैधव्याचे दुःख आहे. पण ते विनोदाच्या आणि रोखठोक प्रश्नाच्या शेजारी बसते.

ओवीने दिलासा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. दोन पायल्यांचे दळण गाण्याविना सरत नसे. परंतु तेच दुःख दुसऱ्या पहाटे पुन्हा गावे लागे, कारण त्याचे मूळ मनात नव्हते, घरात होते. महाविद्यालयीन कार्यशाळांतून तणावमुक्तीचे साधन म्हणून ओव्या गाऊन घेताना मायलेकीच्या, बंधुप्रेमाच्या ओव्या निवडल्या जातात. सासुरवासाच्या ओव्या त्या निवडीत क्वचितच येतात.