रिकाम्या ग्लासाचा वास

पहिल्या घसघशीत पगारवाढीनंतर मी जी व्हिस्की घेतली, तिच्या खोक्यावर चवीचं वर्णन होतं: हेदरची फुलं, गूजबेरी, जुनं चामडं. मी ग्लासात नाक खुपसून हे तिन्ही वास शोधले आणि मला ते सापडलेही. हेदरचं फूल मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तरी पुढची दोन वर्षं मित्रांना ग्लास फिरवून दाखवत मी हीच भाषा बोलत होतो.

ती भाषा यंदा दिवाळीत घरी उतरली.

अण्णांनी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली. महिन्यातून एखादा पेग, तोही सोडा घालून. माझ्या अठरा वर्षं जुन्या, ड्यूटी-फ्रीमधून आणलेल्या बाटलीत ते सोडा ओतायला लागले तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच, "अण्णा, वाया घालवताय!" ते काही बोलले नाहीत. ग्लास खाली ठेवला आणि बातम्या लावल्या. मला वाईट वाटलं, पण आपण बरोबर आहोत असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीने तोडगा काढला. चहाचे चार ग्लास, तळाला चिकटपट्टीवर नंबर, प्रत्येकात पंधरा मिली. एक नेहमीची देशी ब्लेंडेड, एक बारा वर्षांची स्कॉच, एक गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स आणि माझी अठरा वर्षांची. कोणत्या ग्लासात काय, हे फक्त तिला माहीत.

मी ब्लेंडेडला दुसरा नंबर दिला आणि माझ्या अठरा वर्षांच्या लाडकीला तिसरा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. फक्त इथे सोनुबाई मीच होतो.

अण्णांनी एकेक घोट घेतला, प्रत्येकात थोडं पाणी घातलं, पुन्हा हुंगलं आणि पहिला ग्लास बाजूला सारला. "हे मळीचं असणार."

मी म्हटलं, "मळीचा वास येतो?"

"वास येत नाही, म्हणूनच. स्पिरिट इतकं शुद्ध करतात की त्यात काही उरतच नाही. मग वरून चव देतात. ती पहिल्या मिनिटात उडते. पटत नसेल तर ग्लास धुऊ नकोस, उद्या सकाळी हुंग."

ग्लास बरोबर होता.

आता यामागचं गणित. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे सर्वांत जास्त खपतं, त्याचा मोठा भाग मळीपासून किंवा धान्यापासून काढलेलं न्यूट्रल स्पिरिट असतो आणि त्यात थोडी माल्ट मिसळलेली असते. मळीच्या स्पिरिटला युरोपात व्हिस्की म्हणताच येत नाही. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये काढलेली. तिथे चव बार्लीतून, आंबवण्यातून आणि लाकडी पिंपातून येते. त्यामुळे लेबलवर पहिल्यांदा बघायचं ते वय नाही, व्हिस्की कशापासून बनली ते.

वयाचं कौतुक आपण स्कॉटलंडकडून जसंच्या तसं घेतलंय. तिथल्या थंडीत पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते. बारा वर्षांनी शंभरातली ७८ लिटर उरते. बंगळुरूच्या हवेत दहा टक्क्यांहून जास्त उडते. दहाच धरले तरी पाच वर्षांत ५९ लिटर आणि बारा वर्षांत जेमतेम २८. इथे व्हिस्की लाकडाची चवही भराभर ओढते. म्हणून बंगळुरूच्या अमृतच्या किंवा गोव्याच्या पॉल जॉनच्या नेहमीच्या बाटल्यांवर वय नसतं, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. अमृत फ्युजनला जिम मरेच्या २०१० च्या व्हिस्की बायबलमध्ये जगात तिसरा क्रमांक मिळाला होता, तोही वयाचा आकडा न मिरवता.

दुसरा आकडा टक्क्यांचा. आपली नेहमीची बाटली ४२.८ टक्क्यांची, बऱ्याच स्कॉच ४० च्या, ब्रिलियन्स ४६ ची, फ्युजन ५० ची. ७५० मिलीच्या बाटलीत ४० टक्क्यांनी ३०० मिली अल्कोहोल, ४६ टक्क्यांनी ३४५. मुद्दा जास्त चढण्याचा नाही. कमी टक्क्यांची व्हिस्की थंड झाल्यावर गढूळ दिसू नये म्हणून अनेकदा गार करून गाळतात, आणि त्यात चवीचे काही तेलकट अंश जातात. ४६ च्या पुढे हे गाळणं टाळता येतं. शिवाय पाणी किती घालायचं ते तुमच्या हातात राहतं. म्हणजे अण्णा पाणी घालत होते ते अडाणीपणाने नव्हे. थोड्या पाण्याने वास मोकळा होतो.

तिसरा आकडा किमतीचा. आयात व्हिस्कीवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यावर राज्याचे कर वेगळे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. म्हणजे परदेशी बाटलीला आपण मोजत आलो त्यातला मोठा हिस्सा चवीचा नव्हता. कर, खोका, आणि ती टेबलावर ठेवताना आपली ताठ होणारी मान, यांचा होता.

मग घ्यायची कुठली? माझ्यापुरतं उत्तर ब्रिलियन्स. काकवी, थोडी सुंठ, भाजलेल्या धान्याचा खमंगपणा आणि घोट गेल्यावरही घशात रेंगाळणारी ऊब. पैसे वसूल. बारा वर्षांची स्कॉच सभ्य आहे, पण पातळ. अठरा वर्षांची वाईट नाही, तिच्या किमतीइतकी चांगली नाही. काकवी हा शब्द अण्णांचा. मी दोन वर्षं त्याला "डार्क हनी" म्हणत होतो.

सकाळी उठून चारही ग्लास हुंगले. पहिल्यात काहीच नव्हतं, नुसती काच. दुसऱ्यात पुसट लाकूड, चौथ्यात मनुका. तिसऱ्यात जुन्या लाकडी कपाटात गुळाची ढेप ठेवल्यासारखा वास.

अण्णा चहा घेत होते. मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं. सोड्याचंही."

"सोड्याचं नाही," ते म्हणाले. "सोड्याने वास मरतो. पण तू ओरडायला नको होतंस."